तेरा बोअर खाली

पाणबुडीला वरून दोरी नाही, हे लेकीनं, संयोगितानं सांगितलं तेव्हा रघुजीनं तिला ते पुन्हा सांगायला लावलं. तीस वर्षं त्यानं बोअरवेलच्या धंद्यात काढली होती. दोरीशिवाय खाली गेलेली वस्तू गेलीच, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

लेक समुद्रशास्त्रज्ञ. आज पहाटे ती तिघांच्या पाणबुडीतून तळाशी उतरणार होती. पाच किलोमीटर म्हणजे किती, हे बापाला कळावं म्हणून निघण्याआधी तिनं कौतुकानं समजावलं होतं, "अप्पा, देवनहळ्ळीत तुमचा बोअर तेराशे फूट जातो ना? तसले तेरा एकाखाली एक धरा."

घरातले बाकीचे अबब म्हणाले आणि जेवायला बसले. रघुजीला घास गिळवेना. एक बोअर किती खोल असतो हे त्या घरात फक्त त्यालाच ठाऊक होतं.

"मग वर कशी येणार ग?"

"लोखंडी वजनं तळाशीच सोडायची. हलकं झालं की आपोआप वर."

आपोआप म्हणे! त्याच्या उभ्या जन्मात काही आपोआप वर आलं नव्हतं.

वर आले की चारला फोन करते, म्हणाली होती. आता सव्वापाच झाले होते. मन चिंती ते वैरी न चिंती; घरी बसवेना म्हणून तो देवनहळ्ळीच्या एका लेआउटमध्ये, नव्या प्लॉटांच्या वसाहतीत, बोअरमधली बिघडलेली मोटर काढायला आला होता. साखळीनं ओढून एकेक पाइप वर येत होता. चारशे फूट राहिले आणि साखळी ताठ झाली.

"अण्णा, अडकलं," मिस्त्री देवाप्पा म्हणाला. "स्वल्प जोर लावू?"

"नको. हात लावू नको."

एरवी अडकलेल्या मोटरीला तो ठेवणीतल्या शिव्या घालायचा. आज गुडघे टेकून पाइपावर हात ठेवून बसला. "ये बाई," तो पुटपुटला. "सावकाश ये. घाई नाही."

खिशात फोन वाजला. नंबर अनोळखी होता. वाईट बातमी अशाच नंबरावरून येते, असं वाटून त्याला तो उचलवेना. शेवटी उचलला.

"अप्पा, मी. लाटा फार होत्या, जहाजावर घ्यायला उशीर झाला."

विचारायचं पुष्कळ होतं. तोंडातून निघालं ते तीस वर्षांच्या सवयीचं.

"पाणी लागलं का ग?"

पलीकडं ती हसत सुटली. रघुजी तिथंच मातीत बसून ढसाढसा रडला, आणि देवाप्पा साखळी धरून तो उठायची वाट बघत उभा राहिला.