वरचं चाक मागे राहतं

दसऱ्याला मांद्र्याच्या सुमंगलाने कोयता, मिक्सर, स्कूटर सगळं पुजलं. लेकीचं कंपाउंड धनुष्य तरी कसं सोडेल? झेंडूची माळ तिने थेट खालच्या कॅमला, म्हणजे केबली ज्याच्यावरून फिरतात त्या चाकाला गुंडाळली. दुसऱ्या दिवशी हर्षाने माळ काढली, पण दोऱ्याचा तुकडा चाकाच्या खाचेत राहिला.

तिरंदाजीच्या राज्य संघाची निवड आता उद्यावर आली होती. गेल्या वर्षी हर्षा थोडक्यात हुकली होती आणि यंदा हुकायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पण दसऱ्यापासून बाण भरकटत होते. मागच्या अंगणात ती कागदातून बाण मारून बघत होती. बाण सरळ सुटला तर कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं, तिचा मात्र उभा फाटत होता. दोरा सापडला आणि तिचं डोकंच फिरलं. देव देव करून माझ्या वर्षाची माती केलीस, असं आईला नाही नाही ते सुनावून ती मोकळी झाली. सुमंगला आत भांडी घासायला गेली. हर्षाने दोरा उपटून बाण मारला, तर कागद तसाच फाटला.

म्हणजे आईचा दोष नव्हताच. तिने तिच्या प्रशिक्षकांना, प्रशांत सरांना फोन लावला. केबली ताणून लांबल्या असतील, ते म्हणाले. धनुष्य पूर्ण ओढल्यावर दोन्ही चाकं एकाच वेळी अडायला हवीत, आणि ओढणाऱ्याला ते दिसत नाही, बघायला दुसरं माणूस लागतं. घरात दुसरं माणूस एकच होतं, आणि ते नुकतंच दुखावलं गेलं होतं.

हाक मारल्यावर सुमंगला हात पुसत आली. हर्षाने बाण लावून धनुष्य ओढलं. दोन्ही एकदम लागतात, आई म्हणाली. बाण सुटला, कागद फाटला. पुन्हा ओढलं. पुन्हा आईचं तेच उत्तर, पुन्हा फाटलेला कागद. तेव्हा हर्षाच्या लक्षात आलं की आई घाबरली आहे. लेकीला बरं वाटेल तेच सांगते आहे. तिने धनुष्य खाली केलं.

"आई, चुकला माझा. पण आता माका बरां वाटाचा म्हणून सांगू नको. दिसता ताच सांग."

हर्षाने पुन्हा ओढलं, आणि सुमंगला पदर खोचून चाकांजवळ वाकली.

"वरचा मागसून लागता."

हर्षाने धनुष्य प्रेसमध्ये, म्हणजे ते दाबून धरणाऱ्या चौकटीत अडकवून केबल सैल केली आणि ती आखूड व्हावी म्हणून तिला अर्धा पीळ दिला. अजून मागे, आई म्हणाली. पुन्हा प्रेस, पुन्हा पीळ. ऊन कलायला लागलं, हर्षाचे खांदे भरून आले. कागदावरची चीर आता नखाएवढी उरली होती. एवढ्यावर भागेल, ती म्हणाली आणि धनुष्य खाली ठेवायला लागली.

"भागाचा ना," सुमंगला नकारार्थी मान हलवत म्हणाली. "वरचा अजून मागे रवता. पीळ."