झेंडा खाली घे!

लाइनीवरचा झेंडा धरायला पालकांपैकी कोणीच पुढे येईना. मुलींच्या फुटबॉलच्या दर सामन्याला दोन्ही बाजूंचा एकेक पालक मैदानाच्या कडेला उभा करायचा, बॉल रेषेबाहेर गेला की त्याने झेंडा वर करायचा, एवढंच काम. पण झेंडा हातात आला की तोंडाला कुलूप लावावं लागायचं, आणि ही मंडळी तर ओरडायला मिळावं म्हणूनच शनिवारची वाट बघायची. कोच अगदी गयावया करायला लागला, तेव्हा एका खेळाडूच्या आईने झेंडा घेतला.

"तू? तुला काय कळतं त्यातलं?" नवरा हसला.

"रेषा दिसते मला."

ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवते आणि शनिवारी एक तोंड काही केल्या बंद होत नाही, असं मैत्रिणींना सांगून हसायची. हल्ली हसू येत नव्हतं. बाकीचे पालक नवऱ्याला कौतुकाने 'भोंगा' म्हणायचे आणि तो ते मिरवायचा. त्याचा सगळा राग पंचावर. आजची पंच तर कॉलेजातली पोरगी, सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव बांधून देणारी. लेक पाव आणायला गेली की तिच्या हातावर हमखास एखादं मोडकं बिस्किट ठेवायची.

"ए पाववाली! शिट्टी वाजवायला दिलीय, चघळायला नाही!" भोंगा सुरू झाला. मागे खसखस पिकली.

झेंड्याच्या काठीवर तिची बोटं आवळली गेली. पण गप्प राहायचं होतं.

मग लेकीला कोणीतरी पायात पाय घालून पाडलं आणि शिट्टी वाजली नाही. दहा वर्षांचं ते पोर, मोजे घोट्यापर्यंत घसरलेले, गुडघ्याला माती. उठलं, कमरेवर हात ठेवले आणि पंचाला म्हणालं, "डोळे बेकरीत विसरून आलीस का?"

शब्द बापाचे, सूर बापाचा, मानेचा झटकासुद्धा त्याचाच. कडेने टाळ्या पडल्या.

"माझी वाघीण!" भोंगा गरजला.

पंचाने पिवळं कार्ड काढलं. "पुन्हा बोललीस तर बाहेर जावं लागेल हं," ती हळूच म्हणाली.

आईच्या कानशिलात रक्त उसळलं. रात्री अंगाला चिकटून 'आई, पाठ खाजव ना' म्हणणारं हेच का ते तोंड? हिच्या तोंडात हा माणूस काय घालतोय? आणि आपण इतके शनिवार काय करत होतो, दवाखान्यातल्यासारख्या नुसत्या नॅपकिन घेऊन उभ्या?

दुसऱ्या हाफमध्ये लेक तिच्या समोरूनच बॉल घेऊन धावत आली. बॉल निसटला, रेषा ओलांडून चांगला वीतभर बाहेर गेला. लेकीने खाली रेषेकडे पाहिलं, एक क्षण अडखळली, मग बॉल आत ओढला आणि सुसाट सुटली. गोल! मोसमातला तिचा पहिला.

आईचा झेंडा मात्र कधीच वर गेला होता.

पंच लांब होती, खेळाडूंच्या घोळक्यात तिला झेंडा दिसला नव्हता. कडेला मात्र सगळ्यांना दिसला.

"झेंडा खाली घे!"

"अहो वहिनी, कुणाच्या बाजूने आहात?"

नवरा मागे येऊन पुटपुटला, "खाली घे. पोरीचा पहिला गोल आहे. कुणाला कळणार नाही."

"तिला कळलंय."

त्याने काठी धरली. तिने सोडली नाही. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून पंच धावत आली. "काकू, बाहेर होता?"

"पूर्ण बाहेर."

गोल रद्द झाला, आणि भोंगा फाटला. "तुला कुणी गं पंच केलं? पाव विकायची लायकी तुझी! सामना संपू दे, बाहेर गाठतो तुला!"

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. ऐकलंच नाही असं दाखवत ती वळली.

"थांब," आई म्हणाली. "ऐकलंस ना? मीही ऐकलं. झेंडा माझ्याकडे आहे, मी तक्रार करतेय. यांना बाहेर काढ."

"पण काकू... तुमचे मिस्टर आहेत ना?"

"आहेत. घरी मी बघते, इथे तू बघ."

पंचाने फाटकाकडे बोट दाखवलं. तो जाईपर्यंत सामना थांबणार होता. गेलाच नाही तर मुली हरल्या असं धरलं जाणार होतं.

"माझ्यावर तक्रार? सगळ्यांसमोर?" त्याचा आवाज चिरकला.

"पोरी ताटकळल्यात. निघ."

त्याने लेकीकडे पाहिलं. ती मान खाली घालून मोजे वर ओढत बसली, नको इतका वेळ. मग तो गेला. फाटक इतक्या जोरात आपटलं की कोपऱ्यातली कबुतरं उडाली.

लेक रेषेपाशी आली. "माझा गोल होता."

"नव्हता."

"थोडासाच बाहेर होता!"

"तू रेषेकडे बघितलंस. मी बघितलं तुला बघताना."

लेकीने बाहीला नाक पुसलं. "बाबा चिडलेत."

"मीपण चिडलेय. आणि त्या ताईशी परत तसं बोललीस तर कार्डाची वाट बघणार नाही, मीच काखोटीला मारून घरी नेईन."

लेकीला हुंदका फुटला. तिला उराशी घ्यावं असं आईच्या हातांना फार वाटलं. पण हातात झेंडा होता, आणि समोरच्या संघातल्या मुलीने थ्रोसाठी बॉल डोक्यावर धरला होता.

"रडायचं तर पळता पळता रड, राणी. बॉल येतोय."