मावशींच्या दुकानाचा नवा पत्ता

“बघ तर खरं, कशी झालीय,” म्हणत त्साई मावशींनी आपला फोन वेन-चिंगच्या नाकासमोर धरला.

तैवानमधल्या ताइनानला मावशींचं हातानं भरलेल्या कापसाच्या रजयांचं दुकान होतं आणि त्याची वेबसाइट आजवर वेन-चिंगनंच सांभाळली होती. हातच्या रजया कुणीही सर्चमध्ये शोधल्या, की पहिलं नाव मावशींचं येई. ते नाव तिथं टिकवताना त्यानं डोळ्यांची पार वाट लावून घेतली होती. आता नवी वेबसाइट केली होती यी-रूनं. ही यी-रू त्याच्याच ऑफिसात, त्याच्या शेजारच्या टेबलावर हे काम शिकली आणि मग तिनं स्वतःचं वेगळं थाटलं.

चूक काढायचीच, या इराद्यानं त्यानं पानामागून पान उघडलं. चूक सापडेना. पहिल्याच पानावर मावशींचा फोटो होता, केसांत कापूस अडकलेला आणि मावशी खळखळून हसताहेत. त्याच्या वेबसाइटवर त्या इतकी वर्षं पासपोर्टच्या फोटोसारख्या ताठ बसल्या होत्या. त्याच्या पोटात दुखायला लागलं.

“एवढ्या हसलात कशा?”

“अरे, ती पोरगी बोलते किती! फोटो कधी काढला कळलंच नाही. तू आपला ‘मावशी, हलू नका, हलू नका’ करायचास.” मावशींनी पेरूंची पिशवी टेबलावर ठेवली. “ती म्हणाली, तुझ्याकडचं एक काम राहिलंय. वेबसाइटच्या जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना नव्या पत्त्यावर पाठवायचं म्हणे. नाहीतर शोधणाऱ्याला आम्ही सापडणारच नाही. लग्नसराई तोंडावर आलीय, बाबा.”

“करतो,” तो म्हणाला.

केलंही त्यानं, पण कसं केलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. नीट करायचं तर जुनं एकेक पान नव्या वेबसाइटच्या त्याच पानाशी जोडायचं असतं, लग्नाच्या रजईचं लग्नाच्या रजईशी, बाळाच्या रजईचं बाळाच्या रजईशी. त्यानं सगळी पानं सरसकट नव्या वेबसाइटच्या पहिल्या पानाकडे वळवून टाकली. बाळाची रजई शोधणारा दारातच घुटमळणार, कंटाळून निघून जाणार, आणि मावशींचं नाव हळूहळू खाली घसरणार. मग बघू, यी-रूबाई, तुमचे हसरे फोटो किती पुरतात ते. त्या दिवशी त्याला जेवण चांगलं गेलं.

थोड्याच दिवसांत यी-रूचा फोन आला.

“सर, कामात आहात का? बाळाच्या रजईचं जुनं पान उघडलं, की नव्याचं पहिलंच पान येतंय. माझंच काहीतरी चुकलंय. सकाळपासून शोधतेय, सापडतच नाहीये. तुम्ही जरा बघाल का?”

तिनं संशय घेतला असता तर भांडता तरी आलं असतं. पण सर असं करतील, हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. इतकं निर्धास्त राहणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं, आणि त्याला त्याचाही हेवा वाटला.

“तुझं नाही चुकलं. माझ्याकडून झालंय.”

“घाईत राहिलं असेल, सर.”

“हं.”

त्या दुपारी त्यानं एकेक पान जोडत नेलं. मग स्वतःच सर्च करून पहिल्या नावावर बोट ठेवलं. क्षणात यी-रूचं पान उघडलं. मधे आपली वेबसाइट लागली, हे त्यालाही दिसलं नाही.

लग्नसराई भरात असताना मावशींचा फोन आला.

“अरे, ऑर्डरी नुसत्या येताहेत. अजून पहिलं नाव आमचंच. त्या यी-रूच्या हाताला गुण आहे बघ.”

ते पहिलं नाव कुणी मिळवून दिलं, हे सांगायला त्याची जीभ शिवशिवत होती.

“आहे खरा,” तो म्हणाला. फोन ठेवून, मावशींच्या जुन्या वेबसाइटवर आज किती लोक आले ते त्यानं उघडून पाहिलं. सगळे तिथूनच पुढे जात होते, पण थांबत कुणी नसल्यानं आकड्याच्या जागी शून्य होतं.