बाबांचा सातवा महिना

“मला सातवा महिना आहे आणि तुम्ही मला दारातच ताटकळत ठेवलंय. कसल्या डॉक्टर तुम्ही?”

सदऱ्याखाली उशी कोंबून, एक हात कमरेवर टेकून बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मिशी तेवढी लपवता आली नव्हती.

“बाबा, उशी नको म्हटलं होतं ना. मला हसू येतं.”

“बाबा कोण? मी नवऱ्याला बाहेर बसवून आलेय. आधी खुर्ची द्या.”

तिने खुर्ची पुढे सरकवली. बाबा कण्हत, पाय फाकवून बसले. मोबाईलवर वेळ लावून तिने तो टेबलावर पालथा ठेवला.

स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रातली तज्ज्ञ होण्याची ही परीक्षा. लेखी पेपर तिने पहिल्याच फटक्यात काढले होते. घोडं अडत होतं ते प्रात्यक्षिकात. ओळीने खोल्या असत, प्रत्येक खोलीत एक प्रसंग, आणि घंटा झाली की पुढच्या खोलीत जायचं. काही खोल्यांत रुग्ण म्हणून चक्क नटी बसवलेली असे, आणि कोपऱ्यात परीक्षक. दोनदा ती एकाच खोलीत नापास झाली होती. पोटातलं मूल दगावल्याचं बाईला सांगायचं, एवढंच तिथे काम होतं. मागच्या खेपेला परीक्षकाने शेरा मारला होता : ‘काय घडलं, हे रुग्णाला शेवटपर्यंत कळलं नाही.’ यंदा जमलं नाही, तर लेखीचे गुणही बाद. पुन्हा श्रीगणेशा.

बरोबरीच्या मैत्रिणी कधीच पास होऊन चहूकडे पांगल्या होत्या. वाढदिवसाला फुलांची चित्रं पाठवण्यापुरत्या त्या उरल्या होत्या. म्हणून मग बाबा. आयुष्यभर बुटांच्या दुकानात लोकांच्या पायाशी बसलेला हा माणूस निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी गरोदर राहू लागला. कधी रक्तदाब चढलेली, कधी जुळी असलेली. तिने लिहून दिलेली लक्षणं चष्मा लावून पाठ करायची आणि वर प्रत्येक बाईला पदरची एक खाष्ट सासू जोडून द्यायची. पाळी थांबत नसलेल्या शाळामास्तरणीचं काम त्यांनी इतक्या तळमळीने केलं, की इमारतीखालच्या दुकानातल्या चष्मेवाल्याने दुसऱ्या दिवशी जिन्यात अडवून विचारलं, “तब्येत बरी आहे ना तुमची?”

“बोला,” ती म्हणाली. “काय त्रास होतोय?”

“कालपासून बाळ हलत नाहीये. सासू म्हणते, झोपलं असेल.”

तिने तपासल्यासारखं केलं. खुर्ची जवळ ओढली, आवाज खाली आणला, डोळ्याला डोळा दिला. इथपर्यंत सगळं ठीक.

“हे बघा, सोनोग्राफीत आम्हांला... हृदयाचे ठोके जसे दिसायला हवेत, तसे दिसत नाहीयेत.”

“मग मशीन बिघडलं असेल. दुसरं आणा.”

“मशीन ठीक आहे. परिस्थिती जरा गंभीर आहे. मी वरिष्ठांना बोलावते.”

“ते आले की ठोके सुरू होतील?”

“आपण सगळे प्रयत्न करतोच, पण—”

बाबांनी सदऱ्याखालून उशी काढली आणि मांडीवर घेतली.

“मुंगे, मी इथे आशा लावून बसलोय. तू मला नुसतं गोल गोल फिरवतेस. दगावलं म्हण की.”

“म्हणणारच होते.”

“कधी? बारशाला?”

तिला हसू आलं नाही. “तोंडातून निघत नाही, बाबा. शब्द येतो आणि दाताशी अडतो.”

“तुझा दोष नाही, रक्तच तसं आहे. आठ नंबरच्या पायाला मी सात नंबरचा बूट विकलाय. चार दिवसांत सैल होईल म्हणून सांगितलं. ‘नाही’ म्हणून सांगायला जीभच वळायची नाही.”

उशीचा कोपरा ते बोटाने दाबत राहिले. ती दुसरीत होती, तेव्हा आई दवाखान्यात गेली ती परतली नाही. मामाकडे हवापालटाला गेलीय, असं बाबा सांगत राहिले. एक सबंध उन्हाळा ती आईसाठी चित्रं काढून ठेवत होती. शेवटी खरं कळलं ते शाळेत, बाकावरच्या मुलीकडून. त्यावर ती दोघं आजवर अवाक्षर बोलली नव्हती.

“मला नाही कधी जमलं,” बाबा म्हणाले. “तुला जमायला पाहिजे. चल, पुन्हा. आणि या वेळी मी रडणार आहे, घाबरू नकोस.”

पुन्हा केलं. पुन्हा वरिष्ठांना बोलावलं गेलं. मग दोघांनी जेवण गरम केलं. खुर्चीचा पाय लंगडतो, उद्या ठोकून आणतो, असं म्हणत बाबा झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती प्रसूतिकक्षात होती. टाके घालून हात धूत असताना मुख्य सिस्टर आत आल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. जिच्या नुसत्या नजरेने शिकाऊ डॉक्टर चळचळा कापत, ती बाई.

“डॉक्टर, घरून फोन होता. वडिलांना जरा बरं वाटत नाहीये. तुम्ही निघा.”

“जरा म्हणजे किती, सिस्टर?”

सिस्टर टॉवेल पुढे करून म्हणाल्या, “रिक्षा बोलावलीय.”

घरी चष्मेवाल्याने दार उघडलं. “या,” एवढंच तो म्हणाला आणि बाजूला झाला. बाबा त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. त्याने त्यांना पलंगावर निजवलं होतं.

लोक आले, गेले. आतेभाऊ सगळं आटपेपर्यंत थांबला आणि निघताना तिला बाजूला घेऊन म्हणाला, “माझ्या आईला एवढ्यात कळू द्यायचं नाही. तिचं हृदय कसं आहे, तुला सांगायला नको. आपण मागाहून बघू.”

“मागाहून म्हणजे कधी?”

“बघू गं. तू डॉक्टर आहेस, सांभाळून घे.”

आत्याचा फोन दर रविवारी येई. धाकट्या भावाशी बोलल्याशिवाय तिचा रविवार सरत नसे.

“धाकटा कुठाय?”

“झोपलेत, आत्या.”

“या वेळेला? बरं, उठला की सांग, मी रागावलेय.”

पुढच्या रविवारी बाबा फिरायला गेले होते. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांचा घसा बसला होता. रोज कामावरून येऊन ती पुस्तकं उघडत असे. समोर खुर्ची ओढून सराव करून पाहिला; पण रिकाम्या खुर्चीला आशा नसते, तिला काय सांगायचं? आणि आत्या आपली वाट बघत होती.

परीक्षा उजाडली. रक्तस्रावाची खोली झाली, चिमट्याने बाळ बाहेर काढायची झाली. मग ती खोली. आतली नटी तिच्याच वयाची होती. केस मागे घट्ट बांधलेले, पोट नव्हतं, नुसते हात पोटावर ठेवलेले.

“काल संध्याकाळपासून हललं नाहीये,” नटी म्हणाली. “पण आई म्हणते, कधी कधी होतं असं. होतं ना?”

तिने खुर्ची जवळ घेतली. परीक्षकाचं पेन थांबलेलं तिला दिसलं.

“तुमच्याबरोबर कुणी आलंय का?”

“आई बाहेर आहे.”

“त्यांना आत बोलवूया का?”

“नको. आधी मला सांगा.”

“मी नीट तपासलं. बातमी वाईट आहे.” शब्द दाताशी आला. समोरची बाई वाट बघत होती. खोटी बाई, खरी वाट. “तुमचं बाळ पोटातच दगावलं आहे.”

 तिने पुढे काही भर घातली नाही. वरिष्ठ नाही, प्रयत्न नाहीत, काही नाही.  नटीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. ते शिकवलेलं होतं की आपसूक आलेलं, तिला सांगता आलं नसतं. घंटा झाली.

निकाल महिन्याने लागणार होता. बाहेरच्या पायऱ्यांवर मुलं घोळक्याने उभी राहून उत्तरं पडताळत होती. पडताळायला तिच्याजवळ कुणी नव्हतं. सवयीने फोन बाहेर काढला, तेव्हा आठवलं, रविवार आहे. आत्याचा फोन संध्याकाळी येईल. आज बाबा कुठे गेलेत म्हणून सांगायचं, ते तिने अजून ठरवलं नव्हतं.

ती आवाराच्या टोकाला, सायकली लावतात तिथवर चालत गेली. आतेभावाला फोन केला. “घरी आहेस ना? आईजवळ जाऊन बस. मी तिला फोन करतेय.” तो “अगं, थांब, थांब” म्हणत राहिला. तिने फोन बंद केला आणि आत्याचा नंबर लावला.

“आज सूर्य पश्चिमेला उगवला का? तू कसा काय केलास फोन?” आत्या खुशीत होती. “झाली का तुझी परीक्षा? धाकट्याला दे आधी. गेला महिनाभर मला चुकवतोय.”

“आत्या, बसली आहेस ना?”

“मी काय नाचणार आहे? बसलेलीच असते.”

पलीकडे दाराचा आवाज आला. आतेभाऊ खोलीत आला असावा.

“आत्या,” ती म्हणाली, “बाबा वारले.”