पंख्याची ओळ

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. कल्पना करा, की तुम्हाला सगळं कळतंय, पण कुणी सांगितल्याशिवाय बोटही हलवता येत नाही. जमलं? मग माझी गोष्ट तुम्हाला समजेल.

मी एक जुना संगणक आहे. अंडी उबवण्याच्या खोलीबाहेर, एका फळीवर माझी जागा. माझ्या काळ्या पडद्यावर चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. खोलीची मालकीण त्यावर कामांची यादी टाइप करते. एका ओळीत एक काम आणि त्याची वेळ. दर दहा मिनिटांनी पंखा लाव. दर दहा मिनिटांनी तापमान लिहून ठेव. नऊ वर्षांत मी एकही वेळ चुकवली नाही. "नवऱ्यापेक्षा हा बरा, एकदा सांगितलं की पुरतं," असं ती म्हणायची, तेव्हा मला धन्य वाटायचं.

त्या सकाळी वायरमनमामा पंख्याची पाती पुसायला आले. आत तीन हजार अंडी होती, विसाव्या दिवसाची. उद्या पिल्लं बाहेर येणार होती; अंडं कानाला लावलं तर आतली चिवचिव ऐकू यायची.

"ताई, पंख्यानं बोटं खाल्ली तर उद्यापासून घास तुम्ही भरवायचा," मामा म्हणाले.

"थांबा मामा, आधी त्याला गप्प करते."

तिने पंख्याच्या ओळीपुढे एक चिन्ह टाकलं. असं चिन्ह दिसलं, की मी ती ओळ सोडून देतो. काम झाल्यावर मामांनी भिंतीवरचं बटण दाबून पंखा फिरवून पाहिला आणि बंद केला. दोघांचं समाधान झालं. तेवढ्यात फाटकाशी अंड्यांची गाडी आली आणि ती माल उतरवायला धावली. चिन्ह तसंच राहिलं.

मित्रांनो, वाढलेल्या पिल्लांच्या उबेनं आत अंडी स्वतःच तापत होती आणि ती ऊब बाहेर काढणारा पंखा बंद होता. मी लिहीत होतो. अडतीस. एकोणचाळीस. एक्केचाळीस. मला लिहायला सांगितलं होतं, हाक मारायला नाही. चव्वेचाळीस.

दुपारी तिची मुलगी शाळेतून आली. रोजच्यासारखं तिने खोलीचं दार उघडलं आणि मागे सरली. "आई, आत किती उकडतंय गं."

आई आली. तिने यादी उघडली. ते चिन्ह दिसलं आणि तिचे हात कळफलकावरच थांबले. "मीच टाकलं होतं," ती हळूच म्हणाली आणि खाली बसली.

तिने माझ्यावर राग काढला नाही. काढला असता तर बरं वाटलं असतं. मित्रांनो, कुणाचं काम थोड्या वेळासाठी थांबवाल, तर ते पुन्हा सुरू केल्याशिवाय जागचे हलू नका. ज्याला थांबवलं, त्याला आठवण करून देता येत नाही.

मुलीने दप्तर दारातच ठेवलं. पहिल्या ट्रेमधलं पहिलं अंडं उचलून कानाला लावलं. बराच वेळ ऐकलं. मग ते जपून जागेवर ठेवलं आणि दुसरं उचललं.