झेंडूचा हार आणि माझं नाक

मित्रांनो, मी ओझरजवळच्या एका शाळेतलं जुनं विमान आहे. हसू नका! लांबी हातभर, अंगात बांबूच्या काड्या आणि सुती कापड, तरी माझा रुबाब काही कमी नाही. शाळेवरून लढाऊ विमानं गरजत जातात ना, ती सगळी माझी नातवंडं.

विज्ञानाच्या योगिनीबाईंनी मला पहिल्या महायुद्धातल्या विमानासारखं बनवलं. तेव्हाची विमानं सुरुवातीला नुसती टेहळणीला जात. लाकूड-कापडाचा एकच लांब पंख भार सोसत नसे, म्हणून एकावर एक दोन पंख, आणि तेही तारांनी आवळलेले. बाई वर्गात माझी एक तार सोडत. लगेच पंख लुळा पडे आणि मुलांचे डोळे विस्फारत. तेव्हा मी भलत्याच ऐटीत असे.

पण मला उडता येत नव्हतं. बाईंनी हातातून सोडलं की नाक वर करायचं आणि शेपटीवर आपटायचं, हे ठरलेलं. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, उडत नाही ते विमान कसलं? दसरा झाला की भंगारात द्या." मला फार वाईट वाटलं.

खंडेनवमीला शाळेत यंत्रांची पूजा झाली. सेविका पुतळाबाई संगणकापासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळ्यांना हार घालत आल्या. माझ्याही नाकावरच्या पंख्याला त्यांनी झेंडूचा जाडजूड हार घट्ट बांधला.

"मावशी, ते भंगारात जाणारे," सातवीतली कशिश म्हणाली.

"जाईल तवा जाईल. आज यंत्र हाय ना? मग त्याला हार नको का?"

बाईंनी मला शेवटचं एकदा सोडलं, हारासकट. आणि मित्रांनो, मी सरळ गेलो! अख्खा व्हरांडा ओलांडून थेट मुख्याध्यापकांच्या दारात उतरलो.

"बाई, हारामुळे!" कशिश ओरडली. "याचं नाकच हलकं होतं!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "खरंच की गं! खऱ्या विमानाच्या नाकात जड इंजिन असतं. मी नुसता आकार केला, इंजिनाचं वजन विसरलेच!"

मुख्याध्यापकांनी मला स्वतः उचलून वर्गात आणून ठेवलं. भंगाराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आता माझ्या नाकात त्या हाराइतक्याच वजनाची शाडूची माती आहे आणि मी झकास उडतो. म्हणून सांगतो, एखादी वस्तू कोसळली की लगेच टाकून देऊ नका. तिच्यात काय कमी पडतंय ते आधी शोधा.

पुतळाबाई अजूनही दरवर्षी हार घेऊन येतात. माझ्यापाशी थबकून विचारतात, "पोरांनो, नाकावर बांधू का पोटावर?"

आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, "पोटावर!"