दर तिसऱ्या टाक्याला

वय तेहेतीस झालं तरी घरात त्याला धाकटाच म्हणत. धाकट्याच्या संग्रहात आजवर दोनच जुन्या वस्तू होत्या: झाकण नसलेली किटली आणि किटली नसलेलं झाकण. ते झाकण त्या किटलीला बसत नव्हतं.

तिसरी वस्तू जुन्या बाजारात सापडली. हाताने फिरवायचं शिलाई मशीन. गंजून गच्च झालेलं, सुई गायब, लाकडी पाटाचा एक कोपरा उंदरांनी मनावर घेतलेला. आई गेल्यावर बाबांनी घर बदलताना तिचं मशीन कुणाला तरी देऊन टाकलं होतं. हे अगदी तसंच. तेच असेल का, एवढ्या एका प्रश्नापायी त्याने ते चार जिने चढवलं.

मग पंधरा दिवस तो हात धुऊन त्याच्या मागे लागला. गंज काढला, हँडलचा ढिला स्क्रू आवळला, पाट पॉलिश पेपरने घासून आरसा केला. सोळाव्या दिवशी ताईला बोलावलं.

"छान," ताई म्हणाली. "आणि पाटाच्या खालच्या अंगाला?"

"कुणीतरी खिळ्याने काहीबाही कोरलं होतं. गुळगुळीत केलं."

ताई खुर्चीत बसली. "आईच्या पाटाखाली मी माकड कोरलं होतं. तुझं चित्र म्हणून."

"शेपटी होती?"

"मला काय विचारतोस? घासलंस तू."

त्याला काही आठवेना. त्या तंद्रीत खुद्द आई समोर येऊन बसली असती, तरी त्याने तिला घासून काढलं असतं.

"बाबा, दुसरी काही खूण?" त्याने कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या बाबांना विचारलं.

बाबा पेपरामागून म्हणाले, "तिचं दर तिसऱ्या टाक्याला टक करायचं. मी म्हणायचो, स्क्रू आवळून देतो. ती म्हणायची, राहू दे, घरात कुणीतरी बोलतंय."

धाकट्याने हँडल फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. हूं नाही की चूं नाही.

"आवळण्याआधी वाजायचं का रे?" ताईने विचारलं.

"आधी हलतच नव्हतं."

मग बाबांनी पेपर ठेवला, स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि स्क्रू थोडा सैल केला. "फिरव."

खडखड झाली.

"छे, ही खडखड शेजारच्या काकूंच्या मशीनची." त्यांनी किंचित आवळला. "आता."

दोन टाके गुपचूप, तिसऱ्याला टक.

बाबांनी पुन्हा पेपर तोंडासमोर धरला. तो उलटा होता. ताईने ते त्यांना सांगितलं नाही.

"थांबलास का?" पेपर म्हणाला.

कापड नव्हतं, दोरा नव्हता, सुईसुद्धा नव्हती. जेवणाची वेळ होईपर्यंत धाकटा शिवत राहिला.